नव्या वर्षाचे संकल्प: आधी मोजणी, मग वजाबाकी, मग सुरुवात

३१ डिसेंबरच्या रात्री पाच-सहा गोष्टींची यादी करायची, १ तारखेला सगळ्या एकदम सुरू करायच्या आणि संक्रांत होते न होते तोवर त्यातल्या बहुतेक सोडून द्यायच्या, हे घरोघरी दरवर्षी होतं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सांगलीच्या आमराई बागेत फिरायला आणि विश्रामबागेतल्या जिममध्ये दिसणारी गर्दी महिनाअखेर विरळ होते. दोष सगळे मनाच्या कच्चेपणाला देतात. चूक बहुतेक वेळा क्रमात असते. सुरुवात ही खाली दिलेल्या क्रमात सातवी पायरी आहे आणि आपण तीच पहिली करतो.

हा क्रम सांगली, मिरज, कुपवाड आणि भोवतालच्या तालुक्यांतलं वर्ष डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे, कारण इथलं वर्ष ऊस, द्राक्षं, हळद आणि कृष्णेचं पाणी ठरवतं. सगळ्या तयारीला साधारण तीन-चार आठवडे लागतात. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसलात तर उत्तम. डिसेंबर हातचा गेला असेल तरी पायऱ्या गाळू नका, १ फेब्रुवारीला सुरू करा.

आधी जवळ काय हवं

एक २०० पानी वही. आकड्यांचे मोठे चौकोन असलेलं भिंतीवरचं कॅलेंडर, ज्यावर आपण दुधाचा हिशोब लिहितो तसलंच. गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं आणि फोनपे-गुगल पेचं स्टेटमेंट. पतसंस्थेचं पासबुक, पिग्मीचं कार्ड, भिशीचा हिशोब. शिंप्याकडे असतो तो मोजपट्टीचा टेप. चाळिशी ओलांडली असेल तर रक्तदाब आणि साखरेचा ताजा रिपोर्ट. मोबाईलमधलं ॲप चालेल, पण पहिल्या तीन महिन्यांत वहीच बरी, कारण ती घरातल्या इतरांनाही दिसते.

## १. सात दिवसांची मोजणी

सलग सात दिवस, रविवार धरून, दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे खाने पाडा आणि काय केलं ते लिहा. दिवसातून तीनदा लिहिलं तरी पुरे: दुपारचं जेवण, संध्याकाळचा चहा, झोपण्याआधी. रात्री एकदम लिहायला बसलात तर मोबाईलवर गेलेला तासभर हमखास विसरला जातो.

या आठवड्यात काहीही सुधारायचं नाही. जे आहे तेच लिहायचं. मोजणीच्या आठवड्यात लोक शहाण्यासारखे वागतात, आकडे चांगले येतात आणि त्या खोट्या आकड्यांवर पुढचं सगळं नियोजन उभं राहतं.

पैशाची मोजणी वेगळी आणि थोडी किचकट आहे. तीन महिन्यांचा खर्च तीन भागांत लावा: दर महिन्याला ठरलेला (भाडं, हप्ते, वीज, दूध, किराणा), मनाप्रमाणे कमी-जास्त होणारा (बाहेरचं खाणं, पेट्रोल, कपडे, मोबाईल) आणि वर्षातून एकदा-दोनदा येणारा. हा तिसरा भागच बहुतेकांची बचत बुडवतो. तो तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये दिसत नाही, म्हणून आठवून लिहावा लागतो. उदाहरणादाखल एका घराचा हिशोब असा मांडता येईल:

- शाळेची फी, वह्या-पुस्तकं: ३६,०००
- आयुर्विमा आणि आरोग्य विमा: १८,०००
- दुचाकीचा विमा आणि सर्व्हिसिंग: ६,०००
- गणपती आणि दिवाळी: १५,०००
- गावची जत्रा, लग्नांतले आहेर: १५,०००

एकूण ९०,०००, म्हणजे महिन्याला ७,५००. हे साडेसात हजार बाजूला काढल्यावर जे उरेल तीच तुमची खरी शिल्लक. या घरानं 'महिन्याला १०,००० वाचवीन' असं ठरवलं आणि हा हिशोब केला नाही, तर जूनमध्ये फी भरताना ठेव मोडणार हे आजच सांगता येतं.

शरीराची मोजणी सोपी आहे, पण ती दर वेळी एकाच पद्धतीनं झाली पाहिजे. वजन सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर, आठवड्यातून एकदा. रोज काट्यावर उभं राहू नका. अंगातल्या पाण्यामुळे किलो-दीड किलो इकडंतिकडं होतं आणि उगाच मन खट्टू होतं. कंबर मोजताना टेप शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये धरा, श्वास सहज सोडून मोजा, पोट आत ओढू नका. भारतीय माणसांसाठी पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटर ही सावध व्हायची रेघ मानतात.

तपासा: सात दिवसांचे खाने भरलेत का? तिसऱ्या भागातल्या खर्चाला १२ ने भागलंत का? एकही आकडा 'अंदाजे' असेल तर त्यापुढे तसं लिहा.

## २. घराचं वर्ष कॅलेंडरवर मांडा

आता कॅलेंडर घ्या आणि वर्षातले अडचणीचे आठवडे रंगवा. लाल म्हणजे काहीच जमणार नाही, पिवळा म्हणजे निम्मं जमेल, कोरा म्हणजे पूर्ण जमेल. हे एकट्यानं करू नका. जत्रेची तारीख आईला माहीत असते, परीक्षेचं वेळापत्रक पोरांना आणि पाहुण्यांकडची लग्नं बायकोला.

तासगाव, मिरज पूर्व किंवा कवठेमहांकाळ भागात द्राक्षबाग असेल, तर ऑक्टोबर छाटणीपासून पुढचे दोन महिने फवारणी, विरळणी आणि डिपिंगमध्ये (घड औषधात बुडवण्यात) जातात. त्या काळात पहाट आणि संध्याकाळ बागेचीच. मग जानेवारीपासून माल उतरायला लागतो, पाठोपाठ बेदाण्याचं शेड. अशा घरानं १ जानेवारीला पहाटे पळायला सुरुवात करणं म्हणजे हरण्याची आधीच तयारी. खरड छाटणीची गडबड आटोपली की मे-जूनमध्ये त्यांना सुरुवात सापडते.

उसाचं गणित वेगळं. वाळवा-पलूसकडच्या पट्ट्यात ऊसतोडीची टोळी कधी येईल ते आपल्या हातात नसतं. नोव्हेंबर ते मार्च या काळात 'ऊसतोड' म्हणून दोन आठवडे पिवळे धरा आणि ते नक्की कुठले ते नंतर ठरवा. ऊस गेल्यावर १४ दिवसांत एफआरपीचे (सरकारनं ठरवलेल्या किमान ऊसदराचे) पैसे मिळावेत असा कायदा आहे, तरी पैशाच्या उद्दिष्टात ती तारीख पक्की धरू नका. पैसे खात्यावर जमा झाले तो दिवस धरा. जत-आटपाडीकडं म्हैसाळ-टेंभू योजनांच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की रात्री-अपरात्री पाणी पाजायला जावं लागतं. शेतीपंपाची लाईट ज्या आठवड्यात रात्रीची असते तो आठवडा पिवळाच.

नोकरदार घरांत फेब्रुवारी-मार्च दहावी-बारावीचा, मार्चअखेर हिशोबांचा, एप्रिल-मे लग्नांचा आणि जत्रांचा, जूनचा पहिला पंधरवडा शाळेचा. गणपती, नवरात्र, दिवाळी यांचे दिवस सगळ्यांनाच पिवळे.

आणि जुलैअखेर ते ऑगस्ट. कृष्णाकाठी राहणाऱ्यांना २०१९ आणि २०२१ वेगळं सांगायला नको. दरवर्षी पूर येतो असं नाही, पण या सहा आठवड्यांत कुठलीही मोठी मुदत, परीक्षेची तयारी संपवणं किंवा दुकान हलवणं, ठेवू नका.

तपासा: कोरे आठवडे मोजा. ५२ पैकी ५२ कोरे दिसत असतील तर कॅलेंडर खोटं आहे. बहुतेक घरांत तिसाच्या आसपास निघतात. वर्षाचं उद्दिष्ट या कोऱ्या आठवड्यांवर बेतायचं, ५२ वर नाही.

## ३. वजाबाकी

नवीन काही घेण्याआधी जुनं काय सोडणार ते लिहा. रोजचा अर्धा तास हवा असेल तर तो पहिल्या पायरीतल्या कुठल्या खान्यातून येणार, त्या खान्यावर बोट ठेवा. 'वेळ काढीन' हे उत्तर नाही. वेळ निघतो तो कशातून तरीच निघतो, आणि ठरवलं नाही तर झोपेतून निघतो. झोप कापून सुरू केलेला व्यायाम दोन-तीन आठवड्यांत बंद पडतो आणि चिडचिड तेवढी मागे राहते.

सोडायच्या गोष्टी शक्यतो रात्रीच्या बाजूला शोधा. साडेनऊ ते साडेअकरा मोबाईल हा खाना बहुतेक वह्यांत सापडतो. त्यातला एक तास झोपेला दिला की सकाळचा अर्धा तास आपोआप मोकळा होतो.

पैशातही तेच. आधी एक हप्ता, एक भिशी किंवा एक सवय बंद, मग नवी बचत. दोन-तीन भिशा एकाच वेळी चालू असतील तर आहे त्या संपेपर्यंत नवीन धरू नका.

मुख्य संकल्प एकच घ्यावा. फार तर सोबत एक छोटा, ज्याला दिवसाची पाच मिनिटं लागतात. याबाबत आमचं मत ठाम आहे: आरोग्य, पैसा आणि अभ्यास हे तिन्ही एकाच महिन्यात सुरू करणाऱ्याचं एकही नीट उभं राहत नाही.

## ४. संकल्प शब्दांत मांडा

बहुतेक संकल्प निकालाच्या भाषेत लिहिले जातात. 'दहा किलो कमी करीन', 'एमपीएससी काढीन', 'कर्जमुक्त होईन'. निकाल पूर्णपणे आपल्या हातात नसतो. हातात असतं ते काम. म्हणून वहीत दोन ओळी लिहा. वरच्या ओळीत निकाल, खालच्या ओळीत काम, आणि रोजची खूण फक्त खालच्या ओळीची.

- निकाल: सप्टेंबरपर्यंत वजन ७८ वरून ७२. काम: आठवड्यातून पाच दिवस ३० मिनिटं भरभर चालणं, रात्री साडेआठच्या आत जेवण.
- निकाल: राज्यसेवेची पूर्व परीक्षा. काम: आठवड्याला २० तास अभ्यास आणि दर रविवारी वेळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका.
- निकाल: शेकड्यानं (दरमहा व्याजानं) घेतलेले ५०,००० फेडणं. काम: दर महिन्याच्या ३ तारखेला ५,००० मुद्दल अधिक त्या महिन्याचं व्याज.

वजनाचा आकडा ठरवताना आठवड्याला अर्धा किलो यापेक्षा जास्त वेग धरू नका. पिवळ्या आठवड्यांत घट होत नाही, तेही गृहीत धरा. सहा किलोला बारा आठवडे पुरे असं हिशोब म्हणतो. प्रत्यक्षात सहा-आठ महिने द्यावेत.

नेहमीची चूक: 'गोड बंद', 'मोबाईल कमी', 'पुस्तकं वाचणार' अशी मोघम वाक्यं. रात्री झोपताना 'आज झालं का' या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर येत नसेल तर वाक्य पुन्हा लिहा.

सावध: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाच्या वेळा बदलण्याआधी किंवा कडक उपास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा, साखर एकदम खाली जाऊ शकते. रोज जास्त दारू पिणाऱ्यानं १ तारखेला एकदम बंद करणं धोक्याचं आहे. थरथर, भास, झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचं.

## ५. तीन मात्रा ठरवा

इथंच बाजी लागते, म्हणून सावकाश करा. प्रत्येक कामाच्या तीन मात्रा वहीत लिहायच्या: पूर्ण, अर्धी आणि तळाची. पूर्ण मात्रा कोऱ्या आठवड्यांसाठी, अर्धी पिवळ्यांसाठी, तळाची अगदी वाईट दिवसासाठी. तळाची मात्रा इतकी लहान हवी की अंगात कणकण असताना, घरात पाहुणे असताना, लाईट गेलेली असतानाही होईल.

चालण्याचं उदाहरण घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठी शिफारस आहे आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. म्हणजे पूर्ण मात्रा ३० मिनिटं, पाच दिवस. अर्धी १५ मिनिटं. तळाची गच्चीवर किंवा अंगणात १० मिनिटं. भरभर चालणं म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही असा वेग.

पाळ्यांत काम करणाऱ्यांचा घड्याळाशी बांधलेला संकल्प पहिल्याच रात्रपाळीत मोडतो. कुपवाडच्या एमआयडीसीत पाळी बदलत असेल तर 'सकाळी सहाला' असं लिहू नका. 'कामावरून घरी आल्यावर, जेवणाआधी' असं लिहा. दिवसपाळीला ती वेळ दुपारची किंवा संध्याकाळची येईल, रात्रपाळीला सकाळची. काम घड्याळाला न बांधता रोज घडणाऱ्या गोष्टीला बांधायचं. रात्रपाळीच्या आठवड्यात पूर्ण मात्रा धरूच नका, अर्धीच ठेवा.

गोडाचंही मात्रेनंच होतं. दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, चमच्यात चार-पाच ग्रॅम धरले तर ४० ते ५० ग्रॅम साखर नुसती चहातून जाते. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास असावी असं सांगतात. एकदम बिनसाखरेचा चहा सुरू करणारे आठ दिवसांत परत येतात. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा. तीन आठवड्यांत दोनावरून अर्ध्या चमच्यावर याल आणि जीभ तक्रार करणार नाही. घरचा चहा एकाच पातेल्यात होत असेल तर पातेल्यात साखर न घालता वरून घालायची पद्धत आधी लावून घ्या, नाहीतर मोजणार काय?

## ६. वस्तू, पैसा, माणसं

सुरुवात करण्याआधीच्या आठवड्यात घर बदलून घ्या.

वस्तू. बूट दाराशी. भडंगाचा डबा ओट्यावरून माळ्यावर, आणि बशीत काढल्याशिवाय खायचा नाही. डब्यात हात घालून भडंग खाताना किती गेलं ते कुणालाच कळत नाही. अभ्यासाचं पुस्तक टेबलावर उघडं, चार्जर दुसऱ्या खोलीत.

पैसा. बचत महिन्याच्या शेवटी उरलेल्यातून करायची नसते. पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळती होईल अशी बँकेत सूचना द्या. पीपीएफमध्ये भरत असाल तर ५ तारखेच्या आत भरा. त्या महिन्याचं व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळतं, ६ तारखेला भरलेल्या पैशाला तो महिना वाया जातो. लहान सुरुवात हवी असेल तर पोस्टाची आवर्ती ठेव महिन्याला १०० रुपयांपासून उघडते. पिग्मीची सवय चांगली आहे, पण मुदतीआधी मोडली तर काय कापतात ते आधी विचारा. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवींना ते नसतं. सगळी पुंजी एकाच पतसंस्थेत ठेवू नका.

कर्ज असेल तर फेडीचा क्रम व्याजाच्या दरानं लावा, रकमेनं नाही. 'शेकडा तीन रुपये' ऐकायला कमी वाटतं, पण ते महिन्याचं असतं, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. ५०,००० वर महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० नुसतं व्याज. क्रेडिट कार्डाचं थकलेलं बिलही याच घरात जातं. पोस्टाच्या ठेवीत याच्या पाव भागही व्याज मिळत नाही, तेव्हा असं कर्ज डोक्यावर असताना नवी ठेव सुरू करणं हे तोट्याचं काम. फक्त एक अपवाद: आधी एका महिन्याच्या घरखर्चाएवढी रोकड बाजूला ठेवा. ती नसेल तर पहिल्याच दवाखान्याला पुन्हा शेकड्यानं उचल घ्यावी लागते.

माणसं. घरात सांगा, पण नेमकं सांगा. 'मी आता वजन कमी करणार' यानं स्वयंपाकात काही बदलत नाही. 'सोमवार ते शनिवार रात्री मला दोन भाकरी, भाजी, वरण एवढंच, आणि साडेआठला' असं सांगितलं की बदलतं. मात्र हे सांगताना स्वयंपाक करणाऱ्या बाईचं काम वाढत असेल तर ते कसं निभवायचं तेही तिथंच ठरवा. वेगळी भाजी चिरून द्या, दळण आणा, ताटं घासा. संकल्प एकाचा आणि राबणूक दुसऱ्याची असं झालं की घरातूनच त्याला विरोध सुरू होतो, आणि तो रास्त असतो. समाजमाध्यमांवर जाहीर करायची मात्र गरज नाही.

तंबाखू किंवा मशेरी सोडायची असेल तर त्याची तयारी इथंच करा. पहिले तीन-चार दिवस सर्वांत अवघड असतात, चिडचिड आणि झोपेची तक्रार दोन ते चार आठवडे राहू शकते. तलफेची एक लाट काही मिनिटांत ओसरते, तेवढ्यापुरतं तोंडात ठेवायला बडीशेप किंवा लवंग खिशात हवी. डबी, चुन्याची पुडी, मशेरी भाजायचा तवा घरातून काढून टाका. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

## ७. रंगीत तालीम आणि मग सुरुवात

दोन आठवडे फक्त तळाची मात्रा करा. अंगात दम आहे म्हणून जास्त करू नका. या काळात तुम्हाला व्यायाम तपासायचा नाही, वेळ आणि जागा तपासायची आहे. आमराईचं गेट आपल्या वेळेला उघडं असतं का, शंभर फुटी रस्त्यावर त्या वेळी गाड्या किती असतात, पोरांच्या डब्याच्या गडबडीत निघता येतं का, हे याच दिवसांत कळतं.

१४ पैकी ११ दिवस झाले तर ठरल्या तारखेला पूर्ण मात्रेवर जा. आठ ते दहा झाले तर वेळ बदलून आणखी एक आठवडा तालीम. आठाच्या खाली आला असाल तर तिसऱ्या पायरीवर परत जा, वजाबाकी झालेली नाही.

तारखेचा हट्ट धरू नका. जानेवारी लाल असेल तर पाडवा घ्या, किंवा जूनचा दुसरा पंधरवडा.

एखाद्या ठरलेल्या तारखेचं उद्दिष्ट असेल तर मात्र उलटं मोजा. साताऱ्याची हिल मॅरेथॉन सप्टेंबरमध्ये असते. २१ किलोमीटर, यवतेश्वरचा घाट चढून परत. आज दोन किलोमीटर न थांबता पळता येत नसेल तर जानेवारीपासून आठवड्याचं अंतर दहा टक्क्यांहून जास्त न वाढवता जावं लागेल, आणि शेवटचे दोन महिने भर पावसातले आहेत हे लक्षात ठेवावं लागेल. सांगलीचे रस्ते सपाट, घाटाची सवय इथं होत नाही. एप्रिलपासून पंधरा दिवसांतून एकदा दंडोबा डोंगराच्या चढावर जा. नोंदणी कित्येक महिने आधी होते, तिची तारीखही कॅलेंडरवर हवी.

## ८. आठवड्याची पंधरा मिनिटं

आठवड्यातला एक वार आणि वेळ ठरवा. बाजारहाट झाल्यावर, हिशोबाची वही तशीही उघडी असते तेव्हा, सोयीचं पडतं. कॅलेंडरच्या चौकोनात रोजची खूण असतेच: पूर्ण मात्रेला फुली, अर्धीला तिरकी रेघ, तळाच्या मात्रेला टिंब. काहीच नाही तर चौकोन रिकामा. खोटी खूण करू नका, पुढचे निर्णय तिच्यावर आहेत.

तीन प्रश्न लिहा. किती खुणा झाल्या? रिकामा चौकोन कुठल्या वाराला आला? पुढच्या आठवड्यात कुठला दिवस अडचणीचा आहे? दर गुरुवारी रिकामं येत असेल तर ते मनाचं दुबळेपण नसतं, गुरुवारी काहीतरी असतं. त्या दिवसाची वेळ बदला.

२१ दिवसांत सवय लागते असं सर्रास सांगितलं जातं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०१० साली छापलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले होते, आणि माणसागणिक ते १८ पासून २५४ पर्यंत बदलत होते. एखादा दिवस चुकल्यानं फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. म्हणून नियम एवढाच: एक चौकोन रिकामा गेला तर चालेल, लागोपाठ दोन नाही. दुसऱ्या दिवशी किमान टिंब.

## ९. खंड पडल्यावर

खंड पडणारच. सुतक येईल, कुणी दवाखान्यात असेल, मिरजेच्या दवाखान्यात दहा दिवस डबे न्यावे लागतील. अशा वेळी संकल्प चालू ठेवायचा आटापिटा करू नका. कॅलेंडरवर त्या दिवसांवर आडवी रेघ मारा आणि परत कधी सुरू करणार ती तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. तारीख लिहिली नाही तर खंड आपोआप लांबतो.

परतताना:

- आठवड्याच्या आतला खंड: थेट पूर्ण मात्रा.
- एक ते दोन आठवडे: पहिले तीन दिवस अर्धी.
- दोन आठवड्यांच्या वर: आठवडाभर तळाची, मग आठवडाभर अर्धी. पळणाऱ्यांनी हे काटेकोर पाळावं, गुडघे आणि पोटऱ्या इथंच दुखावतात.

बुडालेलं भरून काढायला जाऊ नका. पाच दिवसांचं चालणं रविवारी दोन तासांत होत नाही. अभ्यासातही राहिलेल्या तासांची थकबाकी वाहायची नाही, ती रेघेबरोबर संपली.

पुराच्या दिवसांचा वेगळा नियम करा. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. तुमची गल्ली किती फुटाला पाण्यात जाते ते शेजारच्या जाणत्यांना माहीत असतं, तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पाणी ४० च्या दिशेनं चढायला लागलं की संकल्प थांबला. वही, पासबुकं, विम्याची कागदपत्रं, मुलांचे दाखले एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी घरातल्या सर्वांत उंच जागी किंवा वरच्या भागातल्या पाहुण्यांकडे. पाणी उतरल्यावर साफसफाईचे किमान दोन आठवडे लाल धरा.

## १०. तिमाही तपासणी

मार्चअखेर, जूनअखेर, सप्टेंबरअखेर. आता वरची, निकालाची ओळ काढा आणि पहिल्या पायरीतल्या मोजण्या त्याच पद्धतीनं पुन्हा करा. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी याच बेतानं करावी. ती दोन-तीन महिन्यांचं चित्र दाखवते, दर महिन्याला करण्यात पैसे जातात.

काम झालंय आणि निकालही हलतोय: काही बदलू नका. काम झालंय पण निकाल हलत नाही: मात्रा कमी पडते किंवा काम चुकीचं निवडलंय. चालणं होतंय, वजन तसंच आहे, तर ताटाकडं बघायला हवं. काम झालेलंच नाही: मात्रा निम्मी करा आणि वेळ बदला. सलग दोन तिमाह्या काम झालं नसेल तर तो संकल्प वहीत रेघ मारून बंद करा. तो तुमचा नसून कुणीतरी सांगितलेला असण्याची शक्यता जास्त.

नोकरी सोडून स्वतःचं काही सुरू करायचा बेत असेल तर सप्टेंबरच्या तपासणीला तीन गोष्टी पाहा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का? कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर जातो, घरचा स्वतंत्र विमा घेतला आहे का? नव्या विम्यात आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून तो नोकरीत असतानाच घ्या. आणि पीएफ: पाच वर्षं सलग नोकरी होण्याआधी काढला तर त्यावर कर लागू शकतो. तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही असेल तर राजीनाम्याची तारीख पुढच्या तिमाहीत ढकला.

दुसरा संकल्प घ्यायचा तो अशाच एखाद्या तिमाहीच्या शेवटी, आणि तेही पहिल्याच्या गेल्या आठ कोऱ्या आठवड्यांपैकी सहा आठवडे पूर्ण मात्रेचे झाले असतील तरच. तो घेतानाही सात दिवसांची मोजणी नव्यानं करा, कारण पहिल्या संकल्पानं दिवसाचे खाने आता बदललेले असतात.